गोळ्या कमी करणारा डॉक्टर

लहान मुलांचा डॉक्टर वेगळा असतो, हे कोणी पटवून द्यावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांचाही वेगळा डॉक्टर असतो म्हटलं, की लोक विचारतात, ‘तो नेमकं करतो काय?’ पीएचडीचा विषय सांगितला की मला हमखास येणारा प्रश्न हाच.

समजा, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीकडच्या एखाद्या गावात ७६ वर्षांच्या आजी आहेत. मुलगा हिंजवडीत, सून पिरंगुटला कंपनीत. आजींना बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू झालं. या गोळीने काहींच्या पायांना सूज येते, तशी त्यांनाही आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज पाहिली आणि लघवी वाढवणारी गोळी दिली. मग वरचेवर लघवीला जावं लागतं म्हणून तिसरीकडून ती रोखणारी गोळी आली. या प्रकारच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांचा गोंधळ उडतो, बद्धकोष्ठता होते. घरचे म्हणतात, ‘आई हल्ली विसरायला लागली.’ म्हणजे आता चौथा डॉक्टर! आणि अशात आषाढातल्या रात्री, शेवाळलेल्या अंगणातून संडासाकडे जाताना आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

यात एकही डॉक्टर वेडंवाकडं वागलेला नाही. प्रत्येकाने समोरचं लक्षण पाहिलं, एवढंच. औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून आणखी औषध देण्याच्या या साखळीला रोशोन आणि गुर्विट्झ या संशोधकांनी १९९७ साली ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ असं म्हटलं.

वृद्धरोगतज्ज्ञ, म्हणजे जेरियाट्रिशियन, ही साखळी उलटी उलगडतो. आधी गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर. मग खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बीपी झोपवून मोजायचं आणि उभं करूनही. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर पडण्याचा धोका वाढतो. ऐकू येतं का, दात आहेत का, स्वयंपाक कोण करतं, संडास किती लांब आहे, हेही तपासणीतच येतं. फिजिओथेरपिस्ट, नर्स, समाजसेवक सोबत हवेत. हे एकट्याचं काम नाही.

याची सुरुवात १९३५ ची. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांच्याकडे कायम अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे वॉर्ड आले. त्यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं. ‘आता काही होणार नाही’ असं ठरवून टाकलेल्यांतले कितीतरी जण घरी गेले.

आणि पुरावा? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ९ देशांतल्या २९ चाचण्या, १३,७६६ रुग्ण एकत्र पाहिले. रुग्णालयात दाखल झाल्यावर अशी सर्वांगीण तपासणी झालेल्यांपैकी थोडे जास्त लोक नंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी होते. मृत्यूंचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे आयुष्य लांबतं असं नाही, घर सुटत नाही. मला विचाराल तर आजींना हेच हवं असतं.

आपल्याकडे मद्रासमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांची ओपीडी सुरू केली. तिथल्याच मेडिकल कॉलेजात या विषयातली एमडी १९९६ ला आली. तरी असे डॉक्टर आजही मोजकेच, तेही मुख्यतः मोठ्या शहरांत. मुळशीच्या प्रत्येक वाडीला एक मिळेल, ही आशा सोडून द्या. पद्धत मात्र वाडीपर्यंत नेता येते, आणि माझ्या मते संशोधनाचा जोर तिथे हवा.

तोवर तुम्ही एक करू शकता. पुढच्या वेळी आजीआजोबांना डॉक्टरांकडे नेताना सगळी औषधं पिशवीत भरून न्या, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली आणि वैद्यांची चूर्णंसुद्धा. विचारा, ‘यातलं काय बंद करता येईल?’ स्वतःच्या मनाने मात्र काही थांबवू नका, काही गोळ्या एकदम सोडणं धोक्याचं असतं. आणि उभं राहून बीपी बघायला सांगा. त्याला वेगळं मशीन लागत नाही, फक्त तीन-चार मिनिटं जास्त.