दुनळी

इंग्लिश बनावटीची जुनी दुनळी विकायला निघाली, की बंगळूरच्या जयनगरमधला संग्राहक काय किंवा कोल्हापुरातला काय, आधी परवान्याचे कागद बघतो. राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज आणि असे थोडे अपवाद सोडले, तर १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदूक देशात आणणं जवळपास बंदच आहे. त्यामुळे बाजारात फिरतात त्या संस्थानिकांच्या, मळेवाल्यांच्या आणि साहेबलोकांच्या मागे राहिलेल्या. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपवली, बंदुका मात्र कपाटात राहिल्या.

कागद जुळले, की बंदूक सुटी करायची. नळ्या बोटावर टांगून टिचकी मारायची: घंटेसारखा नाद घुमला तर ठीक. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठेतरी सुटली आहे. मग नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या कसोटीगृहाचे ठसे शोधायचे. बर्मिंगहॅमचं कसोटीगृह १८१३चं. तिथे जादा दारूचा बार काढून नळ्या पारखतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेंबरची लांबी. जुन्या इंग्लिश बाराबोरचं चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आपल्या खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ काडतूस ७० मिलिमीटरचंही मिळतं. ते आत सहज बसतं, धोका तोच. उडताना पुढे उलगडायला जागा नसते, नळीतला दाब वाढतो.

यंत्र म्हणून या बंदुकीचा आराखडा एकोणिसाव्या शतकातच पुरा झाला. १८७५मध्ये वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या अँसन आणि डीली यांनी घोडे आत दडवलेली सुटसुटीत पेटी काढली. १८८०मध्ये फ्रेडरिक बीस्लीने अशी यंत्रणा रचली, की खटका दाबताच स्प्रिंगच्या जोरावर नळ्या आपोआप उघडतात. या रचनेचा हक्क पर्डी या बंदूककंपनीने घेतला. म्हणून पर्डी उघडताना हलकी आणि मिटताना जड. नवख्याला ती बिघडल्यासारखी वाटते.

खरी कमाल मात्र कानशीची. कारागीर एका भागावर दिव्याची काजळी धरतो, दुसरा भाग त्यावर बसवून काढतो आणि जिथे काळं उठलं तेवढंच घासतो. पुन्हा काजळी, पुन्हा कानस, असे शेकडो तास. अक्रोडाच्या दस्त्यावर जवसाच्या तेलाचे हात हळूहळू मुरवायचे. दस्त्याची लांबी, उतार, बाजूचा कल हे गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या आणि गालाच्या मापाने ठरतं. लिलावात बोली लावणारा महाराजांची बंदूक घेतो तेव्हा महाराजांचा खांदाही घेतो. हौशी मंडळी याकडे काणाडोळा करतात. मला विचाराल तर नक्षीपेक्षा दस्त्याला पैसे द्यावेत.

कपाटातला गंज हा वेगळाच शत्रू. निवडणूक आली, की अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिथल्या दमट खोलीत जाण्याआधी नळ्यांना आतून तेलाचा हात द्यायचा, एवढंच मालकाच्या हाती. कोडगूची गोष्ट निराळी. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे आणि कैलपोळ्दू सणाला बंदुकीची पूजा होते.

अशा बंदुका पूर्वी जोडीने घडवत, मधल्या पट्टीवर सोन्यात १ आणि २ असे आकडे. वाटणीत जोड फुटला, की दोन्हींचीही किंमत पडते. विकायचा विचार केला तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. आणि २०१९च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. जोडी घेतली, की परवाना तिथेच भरला.