आइसलंडातील भ्रमंती

उत्तर अटलांटिक महासागरात, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकून, आइसलंड हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आहे. भूकवचाचे दोन प्रचंड खंड येथे दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने परस्परांपासून दूर सरकत आहेत. त्या भेगेतून वर आलेल्या लाव्हारसाने हे बेट घडविले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हारस गोठूनच झालेला आहे. परंतु येथील अग्नी कोट्यवधी वर्षांपूर्वी शांत झाला, आइसलंडचा मात्र अद्याप जागा आहे.

अशा भूमीत कोठे हिंडावे, हे प्रवाशाच्या इच्छेपेक्षा ऋतूच अधिक ठरवितो. जूनच्या उत्तरार्धात राजधानी रेक्याविक येथे सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीन तासांच्या आत पुन्हा उगवतो. मधल्या वेळीही खरा अंधार पडत नाही. याच सुमारास अंतर्भागातील पठारावरचे बर्फाने बंद झालेले रस्ते हळूहळू खुले होतात आणि पदभ्रमणाचा हंगाम सुरू होतो. लांडमान्नालॉयगार ते थोर्समोर्क हा सुमारे ५५ किलोमीटरचा मार्ग बहुधा चार दिवसांत चालतात. वाटेत पिवळ्या-तांबूस डोंगरांतून वाफेचे लोट निघतात, आणि काही नद्यांवर पूलच नसतो. त्या पायी ओलांडाव्या लागतात. हिमनदीतून निघालेल्या प्रवाहाची एक खोड आहे. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळते, तसे पाणी वाढत जाते. म्हणून जाणते प्रवासी असा प्रवाह सकाळीच पार करतात. घोटाभर पाणी संध्याकाळी कमरेपर्यंत चढलेले असू शकते. वाटेवरून खाली उतरून चालण्यासही तेथे मज्जाव असतो. लाव्हाच्या खडकावरील मऊ शेवाळ एकदा तुडविले गेले, की ते पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागतात.

सप्टेंबरात शेतकरी घोड्यांवरून डोंगरात जातात आणि उन्हाळाभर मोकळ्या चरलेल्या मेंढ्या खाली हाकून आणतात. मग गोल मेंढवाड्यात कानांवरील खुणा पाहून ज्याची त्याला वाटणी होते. पाहुणेही या गडबडीत हौसेने हातभार लावतात. तेथील घोडा ठेंगणा, पण मोठा काटक. ‘तोल्ट’ नावाच्या त्याच्या चालीत स्वाराला धक्का असा जाणवत नाही. रोगांची लागण होऊ नये म्हणून एकदा परदेशी गेलेल्या घोड्याला मायदेशी परत घेत नाहीत.

डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा उरतो. मात्र आकाश निरभ्र असल्यास त्या दीर्घ रात्री ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या पताका फडकताना दिसतात. भोवती बर्फ पडत असता भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या कुंडांत लोक निवांत डुंबत असतात. हिमनद्यांच्या पोटातील निळ्या गुहा पाहण्याचाही हाच काळ. उन्हाळ्यात वितळलेले पाणी बर्फाला पोखरीत जाते. थंडीत ते ओसरते आणि पोकळी मागे राहते. उष्ण दिवसांत तिचे छत दुबळे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेदामेर्कुर हिमनदीवर बर्फ कोसळून एका प्रवाशाचा अंत झाला. रेनिसफ्यारा येथील काळ्या वाळूचा किनाराही असाच फसवा आहे. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अकस्मात एखादी लाट फार आत येते व माणसाला ओढून नेते. तेथे समुद्राकडे पाठ फिरवून उभे राहणे हा शुद्ध अविचार होय.

संकटात सापडलेल्यांच्या शोधासाठी तेथे गावोगावी स्वयंसेवकांची पथके आहेत. त्यांना वेतन नसते. आपापला व्यवसाय सांभाळून ते हे काम करतात. मार्च २०२१ मध्ये फाग्रादाल्सफ्याल येथे ज्वालामुखी उसळला, तेव्हा तो पाहण्यास हजारो लोक डोंगर चढून गेले. वाट आखून खुणा रोवण्याचे आणि वाट चुकलेल्यांना खाली आणण्याचे काम या पथकांनीच केले. अंतर्भागात जाणारा शहाणा प्रवासी आपला मार्ग व परतीचा दिवस आधी कळवून ठेवतो. तो वेळेवर न परतल्यास कोणत्या दिशेने शोध घ्यावा, हे त्यामुळे त्यांना समजते.