दुकानाच्या टेबलावर एक मोठा पडदा की दोन लहान?

संगणक ही आता मोठ्या कंपन्यांचीच मिरास राहिलेली नाही. विरारहून वज्रेश्वरीकडे जाताना लागणाऱ्या चांदीपसारख्या गावातही जीएसटीची विवरणपत्रे, बिले आणि बँकेचे व्यवहार संगणकावरच करावे लागतात. काम वाढले की पडदा अपुरा पडू लागतो. एका खिडकीत खरेदीची वही, दुसरीत जीएसटीचे संकेतस्थळ, तिसरीत बँकेचा उतारा, अशी दिवसभर उलटापालट चालते आणि तिच्यातच आकडा चुकतो. अशा वेळी व्यापाऱ्यापुढे प्रश्न येतो: एक मोठा मॉनिटर घ्यावा की दोन लहान?

एकापेक्षा अधिक पडदे वापरण्याची पद्धत जुनी आहे. मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही पडद्यावरील व्यवहारपद्धती आली आणि दलालांच्या टेबलांवर पडदे मांडले गेले. विंडोज ९८ पासून साध्या संगणकालाही एकाहून अधिक मॉनिटर जोडण्याची सोय झाली.

इंचांचा हिशेब

मॉनिटरचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. म्हणून २४ इंची दोन पडदे म्हणजे ४८ इंची एक पडदा, हा समज चुकीचा आहे. नेहमीच्या घडणीचा २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असतो. असे दोन मिळून क्षेत्रफळ साधारण ३४ इंची पडद्याएवढे भरते. म्हणजे दोन २४ इंची पडद्यांवर ३२ इंची पडद्यापेक्षा थोडी अधिकच जागा मिळते. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला क्षेत्रफळाने भागून पाहावे, म्हणजे स्वस्त काय आणि महाग काय ते कळेल.

मात्र पडदा मोठा असला म्हणजे त्यावर मजकूर अधिक मावतो असे नाही. ते चित्रबिंदूंवर अवलंबून असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असतात, मग तो २२ इंची असो वा ३२ इंची. मोठ्या पडद्यावर तीच अक्षरे फक्त मोठी आणि जाडीभरडी दिसतात. ४के पडद्यावर याच्या चौपट बिंदू असतात. त्यामुळे ४३ इंची ४के पडदा म्हणजे मधल्या चौकटी काढून जोडलेले साडेएकवीस इंची चार फुल एचडी पडदेच होत.

कोणाला काय सोयीचे?

ज्याचे काम ताळमेळ जुळवण्याचे आहे, म्हणजे एका बाजूला जीएसटीआर-२बी व दुसऱ्या बाजूला आपली खरेदीची नोंद, त्याला दोन पडदे बरे. प्रत्येक पडद्यावर एक काम पूर्ण आकारात उघडे राहते. ज्याला एकच रुंद वस्तू सलग पाहायची आहे, उदाहरणार्थ फॅब्रिकेशनचा आराखडा, छपाईचे मोठे पान किंवा बऱ्याच रकान्यांचा तक्ता, त्याला मोठा पडदा हवा. दोन पडद्यांच्या मधली चौकट अशा कामात आडवी येते.

दुसरा मुद्दा बंद पडण्याचा. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी एकमेव मोठा मॉनिटर गेला तर सारेच काम थांबते, आणि उशिराचे शुल्क व व्याज पदरी पडते. दोनपैकी एक गेला तर दुसऱ्यावर गाडी चालते. दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागणाऱ्या गावात हा विचार महत्त्वाचा आहे. वीज गेल्यावर एक पडदा बंद करून यूपीएस थोडा अधिक वेळ पुरवता येतो, हाही फायदा आहे.

टेबलही मोजून पाहावे. दोन २४ इंची पडद्यांना मिळून १०६ सेंटिमीटरहून अधिक रुंदी लागते, म्हणजे तीन फुटी टेबल पुरणार नाही. ४३ इंचीला सुमारे ९५ सेंटिमीटर लागतात आणि तो हातभर अंतरावर ठेवला तर मान सतत फिरवावी लागते.

फसगत टाळा

एचडीएमआयचा ‘स्प्लिटर’ घेऊन दोन पडदे जोडले तर दोन्हींवर एकच चित्र दिसते. वेगवेगळे काम दिसण्यासाठी संगणकालाच दोन स्वतंत्र जोडण्या असाव्या लागतात. त्या आधी तपासाव्यात. ४के पडदा घेणाऱ्याने संगणकाची जोडणी किमान एचडीएमआय २.० आहे ना, हे पाहावे. जुन्या १.४ जोडणीवर ४के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते आणि माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. स्वस्त पडतो म्हणून टीव्ही आणणाऱ्यांनी त्यावर बारीक रंगीत अक्षरे उघडून पाहावीत, कारण पुष्कळ टीव्हींवर ती फुटकी दिसतात.

कराचे गणित

१ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्यावर २८ टक्के जीएसटी होता. तीस हजारांच्या मूळ किमतीवर हा फरक तीन हजारांचा होई. त्यामुळे लहान पडद्यांचे पारडे जड होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरचा करही १८ टक्क्यांवर आला. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपल्या जीएसटी क्रमांकाचे बिल घेतले तर व्यवसायासाठीच्या खरेदीवरील कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही, म्हणून त्याने करासह पूर्ण किंमत धरूनच हिशेब करावा.

सारांश, हिशेबाचे काम करणाऱ्या सर्वसाधारण दुकानदाराने जुना मॉनिटर चालू असेल तर तो भंगारात देऊ नये. त्याच्या शेजारी एक नवा २४ इंची ठेवावा. विंडोज व पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले की दोन्ही पडदे कामाला लागतात. महिनाभर असे काम करून पाहावे. तरीही मधली चौकट अडते असे वाटले, तरच मोठ्या पडद्यासाठी पैसे मोकळे करावेत.