जुनी लोकल गेली, नवी आली : चालत्या धंद्यात यंत्र बदलताना

मुंब्र्याहून निघणारा शिवणकाम कारागीर, धारावीतून चामड्याच्या बॅगा घेऊन येणारा दुकानदार आणि मशीद बंदरच्या घाऊक बाजारात माल उचलणारा फेरीवाला या तिघांचे घड्याळ एकच, ते म्हणजे लोकल. गाडी रखडली की दिवसाची बोहनी रखडते. म्हणूनच मुंबईच्या जुन्या लोकल गाड्या जाऊन नव्या कशा आल्या, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यायला हवे.

जुन्या गाडीचे दुखणे

मुंबईत पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली. तिला १५०० व्होल्टचा डी.सी. प्रवाह लागे. पुढे डबे बदलले, पण प्रवाह ऐंशी वर्षांहून अधिक काळ तोच राहिला. शहर मात्र वाढले. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या आणि गर्दीच्या वेळी माणसे दारात लोंबकळू लागली.

लांब वायर टाकून मशीन चालवणाऱ्या कारागिराला ठाऊक असते की दाब कमी आणि भार जास्त असला की वायर तापते. लोकलच्या तारेचे तेच झाले. १५०० व्होल्टवर भार ओढायचा तर प्रवाह फार मोठा लागतो. त्यासाठी तार जाड हवी, थोड्या थोड्या अंतरावर वीज उपकेंद्र हवे आणि तरीही बरीच वीज वाटेत वाया जाते. २५,००० व्होल्टच्या ए.सी. पद्धतीत तेवढ्याच कामाला साधारण सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो. उपकेंद्रेही लांब लांब ठेवता येतात.

नव्या गाडीत काय वेगळे?

जुन्या डी.सी. गाडीत वेग आवरण्यासाठी वीज रेझिस्टन्समधून सोडत. तिथे ती उष्णता होऊन फुकट जाई. मोटरचे कार्बन ब्रश झिजत आणि वरचेवर बदलावे लागत. नव्या गाडीत थ्री फेज मोटर आहे. कारखान्यात ती आपण रोज पाहतो. तिला ब्रश नाहीत, त्यामुळे देखभाल कमी लागते.

दुसरा फायदा ब्रेकचा. जुनी गाडी थांबवताना ब्रेकचे ठोकळे चाकावर घासत आणि सगळी ताकद उष्णतेत जाई. नवी गाडी थांबू लागली की तिची मोटरच डायनामोसारखी वीज तयार करते. ती वीज तारेत परत जाते आणि जवळच्या दुसऱ्या गाडीला मिळते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला ही बचत मोठीच म्हणायची. ती साधारण एक तृतीयांशाच्या घरात जाते.

दुकान चालू, डागडुजीही चालू

खरा प्रश्न होता तो बदल करायचा कसा? तारेतला प्रवाह बदलला तर जुनी गाडी बंद पडणार. नवी गाडी आधी आणली तर तिला जुन्या तारेवर धावता आले पाहिजे. रोज लाखो माणसे वाहणारा मार्ग महिनाभर बंद ठेवणे शक्यच नव्हते. यावर उपाय म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या. जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने पेरांबूरच्या कारखान्यात डबे तयार झाले, त्यांना सीमेन्सची विद्युत यंत्रणा बसली आणि २००७ पासून त्या धावू लागल्या. मग टप्प्याटप्प्याने, बहुतेक काम रात्री व रविवारी करून तारा बदलल्या. पश्चिम रेल्वेचे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून २०१५ मध्ये आणि हार्बरचे एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले.

या बदलाची किंमत रुळांबाहेरच्या लोकांनीही मोजली. २५,००० व्होल्टची तार पुलापासून अधिक अंतरावर लागते. डोंगरी आणि माझगावला जोडणारा १८७९ सालचा हँकॉक पूल बुटका होता. तो जानेवारी २०१६ मध्ये पाडला आणि नवा पूल उभा राहायला अनेक वर्षे गेली. तोवर आसपासचे रहिवासी, विद्यार्थी आणि हातगाडीवाले वळसा घालत राहिले. तारेचा खर्च हिशेबात आला, पण या वळशाचा खर्च कुणाच्या वहीत लिहिला गेला नाही.

पुढचे पाऊल आणि आपला माल

२५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. भाडे जड असल्याने ती बराच काळ रिकामी धावे. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचे दर निम्म्यावर आणले, किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० झाले, तेव्हा प्रवासी वाढले. तरी साध्या लोकलचे किमान भाडे ५ रुपये आहे, हे रोजंदारीवाल्याला विसरता येत नाही.

बंद दाराची गरज मात्र खरी आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. पुढील योजनांत २३८ वातानुकूलित गाड्यांचीही तरतूद आहे.

इथे आपल्या बांधवांनी जागे राहायला हवे. टोपली, गाठोडे, कापडाचे तागे घेऊन जाणाऱ्यांचा आधार म्हणजे मालडबा. दार बंद होणाऱ्या गाडीत अशा मालाला जागा किती, चढउतारीला वेळ किती आणि पासाचा दर काय, हे गाडीचा आराखडा ठरतानाच विचारले पाहिजे. डबे तयार होऊन आल्यावर तक्रारीचा उपयोग होत नाही. प्रवासी संघटनांच्या बैठकांत दुकानदार क्वचितच दिसतो. बाजार संघटनांनी आपल्या मालाचे वजन, आकार आणि वेळा कागदावर मांडून रेल्वेला लेखी कळवाव्यात.

भंगार व्यवसायातील बांधवांसाठीही एक गोष्ट. जुने डबे व सुटे भाग रेल्वे ई-लिलावाने विकते. त्यासाठी नोंदणी आणि डिजिटल सही लागते. ज्याची कागदपत्रे आधीच तयार असतील, त्यालाच जुन्या लोकलच्या लोखंडातून चार पैसे मिळतील.