पेडणे १, डिचोली ३, मग ९९ कोण?



प्रवेश-अर्जावर कोणी ‘पेडणे’ लिहितो, कोणी ‘पेर्नेम’. कोणी ‘डिचोली’, कोणी ‘बिचोली’. आपल्याला कळते, संगणकाला मात्र हे चार तालुके वाटतात. म्हणून प्रोग्राममध्ये ठरलेले आकडे, म्हणजे स्थिरांक, ठेवतात: पेडणे १, बार्देश २, डिचोली ३, असे गोव्याचे १२.

काही भाषांत अशा बंदिस्त यादीसाठी ‘एनम’ ही सोय असते. गूगलने २००९ साली जाहीर केलेल्या ‘गो’ भाषेत (नावाने गोव्याची बहीणच!) ती आजही नाही. तेथे ‘तालुका’ हा स्वतंत्र प्रकार करून त्याचे स्थिरांक लिहितात. मग साध्या पूर्णांकाचे चल तालुक्याच्या जागी दिले तर भाषा अडवते. पण थेट ९९ लिहिले तर मुकाट्याने घेते. तेव्हा तपासणी आपणच लिहायची: आलेली किंमत तक्त्यात आहे का? नसेल तर अर्ज परत.

खरी गोम शून्यात आहे. ‘गो’मध्ये न भरलेली किंमत शून्य धरतात आणि ‘आयोटा’ची मोजणीही शून्यापासूनच सुरू होते. पेडण्याला शून्य दिले, तर तालुका न लिहिलेले प्रत्येक मूल पेडण्याचे ठरेल आणि तपासणीतही पास होईल! डिचोलीच्या मुलाचे नाव बालरथाच्या यादीतून असेच गळेल. म्हणून शून्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असाच ठेवावा.

आणि तक्ता एकाच जागी असावा. धारबांदोडा तालुका नंतर झाला. ‘११ पर्यंत’ असे ज्यांनी दहा ठिकाणी लिहिले असेल, त्यांना दहाही ठिकाणे शोधावी लागली असतील.