रॉटरडॅमचे उघडे कोठार

कोणत्याही मोठ्या संग्रहालयाचा खरा पसारा कुलपाआड असतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या बॉइमन्स व्हान ब्युनिंगेन संग्रहालयाकडे १,५१,००० वस्तू आहेत. बॉश, ब्रुगेल, रेम्ब्रां, दाली यांची चित्रे, ८८ हजार रेखाचित्रे व मुद्राचित्रे, शिवाय शिल्पे, छायाचित्रे, भांडी, खुर्च्या. एका वेळी त्यातल्या दहा टक्केही मांडता येत नाहीत. बाकीच्या वस्तू तळघरात ठेवाव्या, तर रॉटरडॅममध्ये तळघर ही धोक्याची जागा. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि मुसळधार पावसात संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलेले आहे. १८६४ मध्ये याच संग्रहाचा मोठा भाग आगीत गेला होता. आग सोसलेल्या संग्रहाला पाण्यापासून वाचवायचे, तर कोठार जमिनीच्या वर उचलणे भाग होते.

शहराबाहेर स्वस्त जमिनीवर, पत्र्याच्या शेडमध्येही ते झाले असते. रॉटरडॅमने मात्र संग्रहालयाच्या शेजारी, म्युझियमपार्क या उद्यानातच कोठार बांधले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते लोकांसाठी उघडले. नाव साधेच, ‘डेपो’. आराखडा एमव्हीआरडीव्ही या रॉटरडॅमच्याच वास्तुसंस्थेचा, तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विनी मास यांचा.

इमारत वाडग्यासारखी आहे. पायथ्याशी व्यास सुमारे ४० मीटर, माथ्याशी सुमारे ६०, उंची ३९.५ मीटर. या आकारामागे काटेकोर हिशेब आहे. उद्यानाची जमीन कमीत कमी अडवायची आणि लागणारी जागा वरच्या मजल्यांवर काढायची. उद्यान आक्रसणार म्हणून शहरात विरोध झाला होता, त्याला हे वास्तुकारांनी आकारातून दिलेले उत्तर आहे. बाहेरून १,६६४ आरसे बसवले आहेत. कोठाराला खिडक्या फारशा चालत नाहीत. एवढी मोठी आंधळी भिंत बागेत उभी राहिली असती, तर ती अंगावर आली असती. आरशांमुळे तिच्यावर झाडे, आभाळ आणि येणारे-जाणारे दिसतात.

लोक या आरशांपुढे फोटो काढतात, तेही ठीकच. पण माझ्या मते या वास्तूचे मोठेपण आतल्या मांडणीत आहे. इथे वस्तू शतकाप्रमाणे किंवा चित्रकाराप्रमाणे लावलेल्या नाहीत. त्या सोसेल त्या हवेप्रमाणे लावल्या आहेत. धातूला कोरडी हवा लागते, लाकडाला आणि कॅनव्हासला थोडी दमट. प्लास्टिक आणि छायाचित्रे थंडाव्यात टिकतात आणि त्यातही रंगीत छायाचित्रांची गरज कृष्णधवलपेक्षा वेगळी. म्हणून पाच प्रकारच्या हवामानांची दालने केली आहेत. मग पंधराव्या शतकातल्या चित्राचा शेजारी विसाव्या शतकातले चित्र असू शकते, कारण दोघांनाही तोच ओलावा मानवतो. कलेच्या इतिहासाची ओळ इथे मोडते आणि पाहणाऱ्याला काही नाती नव्याने सापडतात. कुणा अभ्यासकाच्या लहरीवर न सोडता, वस्तूच्या शरीरधर्मावर उभी केलेली ही रचना मला अतिशय प्रामाणिक वाटते.

मधोमध वरपर्यंत मोकळा चौक आहे. त्यातून आडवेतिडवे जिने जातात आणि बाजूंना काचेच्या पेट्यांत वस्तू मांडल्या आहेत. जिना चढता चढता काचेपलीकडच्या मांडण्या दिसतात. दुरुस्तीच्या कार्यशाळांतले कामही पाहता येते. प्रत्यक्ष कोठाराच्या खोलीत शिरायचे, तर मार्गदर्शकासोबत, छोट्या गटाने. माणसाच्या श्वासानेही हवेतला ओलावा बदलतो, त्यामुळे हे बंधन योग्यच आहे. काही जागा खासगी संग्राहकांना भाड्याने मिळते. घरात न मावणारे किंवा घरच्या हवेत खराब होणारे चित्र त्यांना इथे सुरक्षित ठेवता येते.

गच्चीवर, जमिनीपासून सुमारे ३५ मीटर उंचीवर, ७५ भूर्जवृक्ष लावले आहेत. आधी रोपवाटिकेत वाढवून, मग उचलून वर नेलेले. तिथे उपाहारगृह आहे आणि खाली सगळे शहर पसरलेले दिसते.

मुख्य संग्रहालय २०१९ मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले, त्यामुळे आता हा संग्रह पाहायला जाणाऱ्याने थेट डेपोच गाठावा. एंद्राख्तस्प्लेन मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. कोठाराच्या खोल्यांची फेरी हवी असेल, तर आधी नोंदणी करून जाणे सोयीचे.