इंजिनबदल, भाग ६ : डिझेलच्या वाटेतली हवा
बदललेले इंजिन सेल्फवर फिरते पण चालू होत नाही, तेव्हा दोष बहुधा इंजिनाच्या पोटात नसतो. काढताना-बसवताना जिथे जिथे हात लागला, त्या जोडांत तो असतो. त्यामुळे हेड उघडण्याची घाई करण्याआधी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या टोकाकडे पाहावे. पांढरा धूर आला तर नोझलमधून डिझेल पडते आहे, फक्त पेटत नाही. मग हीटर प्लग, पंपाचे टायमिंग आणि फिरण्याचा वेग तपासायचा. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही.

वेगाचा प्रश्न बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणीची तांब्याची पट्टी जुन्या इंजिनाबरोबर भंगारात जाते. मग सेल्फचा शे-दोनशे अँपिअरचा प्रवाह क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल हाताला गरम लागते आणि सेल्फ रडत फिरतो. इंजिन मंद फिरले की दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या भिंती खातात आणि डिझेल पेटण्याइतके तापमान चढत नाही. सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यात मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग खराब आहे.

इंडिकासारख्या रोटरी पंपाच्या गाडीत धूर नसेल तर पंपावरच्या सोलेनॉइडकडे पाहावे. चावी फिरवताच त्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा. आवाज नाही म्हणजे १२ व्होल्टची वायर जोडायची राहिली आहे किंवा सोलेनॉइड गेला आहे.

आवाज येत असेल तर उरते हवा. नोझलची सुई शंभर-दीडशे बार दाबाने उचलते, आणि एका खेपेला थेंबाहूनही कमी डिझेल आत जाते. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा जोर थेट सुईपर्यंत पोचतो. पाइपात बुडबुडा असला की प्लंजरची सगळी मेहनत तो बुडबुडा दाबण्यात जाते आणि सुई जागची हलत नाही.

एका वाचकाने विचारले आहे की डिझेल कुठेच गळत नसताना हवा शिरते कुठून. टाकीपासून पंपापर्यंतची वाट ओढीची असते. तिथला ढिला जोड डिझेल बाहेर टाकत नाही, बाहेरची हवा आत ओढतो. म्हणून कोरडा दिसणारा जोड निर्दोष धरता येत नाही. पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग फिल्टरची रबरी रिंग, आखडलेल्या नळ्या आणि क्लिपा एकेक करून पाहाव्यात.

रोटरी पंपाचे आणखी एक दुखणे खास इंजिनबदलाचे आहे. डिझेल आत येण्याचा आणि परतीचा, असे दोन पोकळ बोल्ट दिसायला सारखेच असतात. परतीच्या बोल्टात मात्र बारीक भोक असते आणि त्याच्या माथ्यावर बहुधा ‘आउट’ कोरलेले असते. त्यांची अदलाबदल झाली तर आत येणारे डिझेल त्या भोकात अडते आणि पंपातला दाब चढत नाही. नवा पंप आणण्याआधी हे बोल्ट खोलून उजेडात धरावेत.

एअर काढताना आधी फिल्टरवरचा हातपंप बुडबुडे थांबेपर्यंत मारावा. मग नोझलकडचे नट एक आटा ढिले करून दहा सेकंद सेल्फ मारावा आणि सेल्फला अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. नटांपाशी बुडबुड्यांशिवाय डिझेल उसळू लागले की नट आवळावेत. दोन सिलिंडर पेटले की उरलेली हवा इंजिन स्वतःच बाहेर टाकते.

क्रँक सेन्सर, इमोबिलायझर आणि इंजेक्टरचे कोड हे विषय याच भागात यायचे होते. ते आता पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत कॉमन रेलच्या गाडीत नोझलकडचे नट ढिले करू नयेत. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.